पत्र्याखालचा रिपीटर

माझ्यातला जीव गेल्याची बातमी पेपरात आली, त्या सकाळी घरात शेपूची भाजी निवडणं चाललं होतं. एप्रिल २०१४. निवडणुकीचे भोंगे लावलेल्या गाड्या गल्लीतून फिरत होत्या, नळाला पाणी यायचा तो वार नव्हता, आणि सुदर्शन सर पेपर घेऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "माय, एक्सपी बंद झालं."

तुळजाबाईंचा हात थांबला. "कोण गेलं?"

"एक्सपी."

"आपल्यातलं व्हतं का?"

"अगं, कॉम्प्युटरच्या आतलं असतंय ते."

"मग सुतक न्हाई," असं म्हणून त्यांनी शेपूची पुढची जुडी ओढली.

तर तो कॉम्प्युटर मी. लातूरच्या एका गल्लीत, पत्र्याच्या खोलीत, शिलाई मशीन विकल्यावर रिकाम्या राहिलेल्या टेबलावर बसून बोलतो आहे. तुम्ही माणसं ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणता, तिला माझं शहाणपण म्हणा. डबा माझा, तारा माझ्या. पण बटण दाबल्यावर मी कोण, माझ्याजवळ काय आहे आणि ते कुठं ठेवलंय, हे जे मला आठवतं ते तिच्यामुळे. माझ्यातली ती एक्सपी. कंपनीने कळवलं होतं की ती यापुढेही चालेल, पण तिची देखभाल मात्र कोणी करणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलही पुष्कळ ठिकाणी असाच निर्णय होतो. फक्त तो पेपरात देत नाहीत.

माझा जन्म २००४ सालचा, गोलाईच्या बाजाराजवळच्या एका गाळ्यातला. नरसिंग नावाच्या कारागिराने मला जोडलं. माझं एक अंग दुसऱ्याच्या गावचं नाही. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, पडदा कुणीतरी परत केलेला. तरी घरी आलो तेव्हा देविकाबाईंनी मला ओवाळलं, नारळ फोडला आणि कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू फटीत गेलं आणि एक बटण सहा महिने अडकत होतं. पूजेने झालेला बिघाड असल्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

देविकाबाई म्हणजे सुदर्शन सरांच्या पत्नी, आणि तुळजाबाई सरांच्या आई. सर एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. घर त्यांनीच बांधलं. गवंडी स्लॅब टाकायला निघाला तेव्हा तुळजाबाईंनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं होतं. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बुडवून मालक उशिरा घरी आले, त्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि बाई रागारागाने गोठ्याच्या पत्र्याखाली जाऊन निजल्या. पहाटे जमीन हलली. दगडाच्या भिंती आणि त्यांच्यावरचं हातभर मातीचं माळवद आत निजलेल्या माणसावर बसलं. पत्रा नुसता वाजला. सर तेव्हा लातूरला नोकरीच्या पहिल्या वर्षात होते.

त्या भांडणाबद्दल तुळजाबाई कधी बोलत नाहीत. पत्र्याबद्दल बोलतात. "डोस्क्यावर जड नको," हा त्यांचा एकमेव सिद्धांत, आणि फिजिक्सचे प्राध्यापक असूनही सरांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला नाही. त्याचा ताप मला सोसावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून हिशेब करणं काय असतं, ते मला विचारा. मी मध्येच बंद पडायचो. सर म्हणायचे, "गरम झालाय." तुळजाबाई म्हणायच्या, "गरम कोण झालं न्हाई? मी काय बंद पडले का?"

मला खरं कामाला लावलं ते देविकाबाईंनी. त्या देवणीच्या, लातूरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. तोवर या शहरात शिकवण्यांचं असं पीक आलं होतं की ज्याच्याकडे दोन रिकाम्या खोल्या, तो हॉस्टेलचा मालक झाला आणि जिला स्वयंपाक येतो, तिने मेस काढली. चौकाचौकांत पोरांचे फोटो लागले, खाली त्यांचे मार्क. पूर्वी असे फोटो पुढाऱ्यांचे लागत. त्यांचे मार्क कोणी विचारत नसे, एवढाच फरक.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर अकरावीला इथं यायचं आणि पहिल्या आठवड्यातच त्याचं तोंड उतरायचं. गावाकडे ज्याला त्वरण म्हणत होते त्याला इथं ॲक्सलरेशन म्हणतात, एवढ्यावरूनच ते स्वतःला ढ समजू लागायचं. बाईंची जुनी मुलं संध्याकाळी घरी यायची, ओसरीवर बसायची आणि काही न विचारता निघून जायची. म्हणून बाईंनी मराठीतून फिजिक्सचं पुस्तक लिहायला घेतलं. प्रत्येक प्रकरणाची पहिली ओळ एकच: 'मुलांनो, घाबरू नका.' पुढं उदाहरणं इथलीच. देवणीचा वळू दोर ओढतो आहे, तर त्याने लावलेलं बल किती. माहूरच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईने किती कार्य केलं, आणि कडेवर पोर असेल तर किती. अर्धापूरहून केळी भरून निघालेल्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला, तर केळी पुढं का येतात.

"अहो, केळीचा ट्रक किती वजनाचा धरू?" त्या माझ्यासमोर बसून विचारायच्या.

सर दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरच्या तयारीत असायचे. "देविका, हे मराठीतून वाचणार कोण? पेपर इंग्रजीत येतो."

"घाबरतात ती मराठीतच ना? मग धीर इंग्रजीत कसा देऊ? तुम्ही ट्रकचं सांगा."

"दहा टन धर."

अशी अकरा प्रकरणं झाली. बारावं निम्म्यावर आलं तेव्हा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. आधी महिन्याला, मग आठवड्याला. २०१२च्या जूनमध्ये बाई गेल्या. त्या आठवड्यात क्लासच्या नव्या बॅचा सुरू झाल्या होत्या. सर पाचव्या दिवशी फळ्यापुढे उभे राहिले.

पुढची दोन वर्षं मी जवळजवळ फर्निचर होतो. पत्र्याने तापवलेल्या पडद्याच्या उबेला तुळजाबाई विरजण ठेवायच्या, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की ते चांगलं लागायचं. सर कधीमधी मला चालू करायचे. मी उठायला इतका वेळ घ्यायचो की चहा होऊन पिऊनही व्हायचा. पडद्यावर 'पुस्तक' असं नाव दिलेला पिवळा कप्पा दिसायचा. सर बाण त्याच्यापाशी न्यायचे आणि मग कुठलीतरी प्रश्नपत्रिका उघडायचे. कप्पा त्यांनी एकदाही उघडला नाही. पण तो आहे, यावर त्यांचं घर चाललं होतं.

म्हणून त्या बातमीने ते हादरले. एक्सपी गेली तर जाऊ दे. तिच्याबरोबर ती बारा प्रकरणं गेली तर?

सर आधी नरसिंगकडे गेले. तो म्हणाला, "सर, ह्याचं काम खलास. नवीन घ्या. ह्याच्यात दम न्हाई राहिला." मला जन्म देणाऱ्याचंच हे मत. मग सरांनी नांदेडला फोन लावला. त्यांची लेक मालविका तिथं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"बाबा, नवीन कशाला? लिनक्स टाका," ती म्हणाली. "फुकट असतं, आणि त्यात जुन्या मशीनसाठी हलके प्रकार मिळतात. मी चार सीड्या करून पाठवते. सीडी घालूनच चालवून बघता येतं, आवडलं तर बसवायचं. पण आधी आईच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. घ्याल ना?"

"घेतो."

"न उघडता नुसत्या कॉपी करता येतात, बाबा."

सरांनी त्याच दिवशी कॉपी केल्या. न उघडता.

सीड्या नांदेड-लातूर एसटीच्या कंडक्टरबरोबर आल्या. सर एकेक घालून बघणार होते, इतक्यात रेवणसिद्ध सरांना कळलं. रेवणसिद्ध सर म्हणजे क्लासचे मालक आणि सरांचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांच्याकडे ऑनलाइन टेस्टसाठी माझ्याच वयाचे चाळीस कॉम्प्युटर पडून होते आणि चाळीस नवे घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. ते आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हा म्हणजे रिपीटर. एक वर्ष वाया गेलेलं पोरगं. रिपीटरवर माझा जास्त भरवसा असतो. त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो."

"मी चारही लावून बघतो आणि बरं वाटेल ते ठेवतो," सर म्हणाले.

"बरं वाटेल ते?" रेवणसिद्ध सरांना ते शब्दच अशुद्ध वाटले असावेत. "सुदर्शन, ह्या गावात बरं वाटलं म्हणून कुणाला घेतात का? परीक्षा घ्यायची. मार्क द्यायचे. चुकलं की निगेटिव्ह. जो टॉपर, त्याला सीट."

रविवारी माझ्या एका जागेसाठी चार उमेदवारांची प्रवेश परीक्षा झाली. रेवणसिद्ध सरांनी पेपर काढला होता. फिजिक्स म्हणजे उठायला लागणारा वेळ. केमिस्ट्री म्हणजे प्रिंटर आणि माउस यांच्याशी जमतं का. बायोलॉजी म्हणजे मेमरी खातो किती; माझ्याकडे खायला होतीच मुळी पाचशे बारा एमबी. मराठीचाही पेपर होता, पण नियमाप्रमाणे तिचे मार्क मेरिटला धरायचे नव्हते. नुसतं पास व्हायचं.

तुळजाबाई दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. "किती पोरं बसलीत परीक्षेला?"

"चार, काकू."

"आन् पालक कुठायत?"

"नांदेडला," रेवणसिद्ध सर म्हणाले. त्यांना विनोद केलेला चालायचा, झालेला समजायचा नाही.

पहिल्या उमेदवाराच्या चिन्हात कुत्र्याचं पिल्लू होतं. ते चिमूटभर खाऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत उठलं. रेवणसिद्ध सर हरखले. पण बंद करून पुन्हा चालू केलं तर केलेलं सगळं विसरून ते तितक्याच आनंदाने नव्याने उठलं. "पाठांतर कच्चं," असा शेरा मिळाला. दुसऱ्याने काळा पडदा दाखवला आणि उलट आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुमचा पडदा कोणता, कीबोर्ड कोणता, तुम्हाला नक्की काय हवंय? रेवणसिद्ध सरांनी सीडी काढून बाजूला ठेवली. "जास्त प्रश्न विचारणारं पोरगं हॉस्टेलला त्रास देतं." तिसरं उंदराचं. गुणी होतं, पण उठताना धापा टाकायचं. चौथ्याच्या चिन्हात पाखरू. त्याने बेताने खाल्लं, प्रिंटरशी जमवून घेतलं आणि कुणाला काही न विचारता कामाला लागलं.

"हेच घ्या," तुळजाबाई म्हणाल्या. "पाखरू हाय. वजन तर न्हाई टाकायचं कुनावर."

मराठीच्या पेपरात वर्तमानपत्राचं पान इंटरनेटवर उघडायचं होतं. चौघांपैकी तिघांनी ते उघडलं, अक्षरं स्वच्छ दिसली. पास. सर वाकून बघत होते. त्यांना सुटल्यासारखं झालेलं मी पाहिलं.

इथं मला काही सांगायचं होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची आमच्यात सोय नाही. आजची मराठी सगळीकडे एकाच रीतीने साठवतात; ती कुठल्याही मशीनवर मराठीच दिसते. देविकाबाईंच्या वेळची तशी नव्हती. त्यांनी मडिवाळप्पांच्या छापखान्यातून एक फॉन्ट आणला होता. त्यात आत साठवली जायची इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा चढवायचा. फाइली म्हणजे अंग, फॉन्ट म्हणजे चेहरा. अंग पेन ड्राइव्हवर गेलं होतं. चेहरा एक्सपीच्या पोटात होता. बाईंचं एक प्रकरण उघडून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण ते पेपरात नव्हतं, आणि जे पेपरात नसतं ते या गावात कोणी उघडत नाही. सरांना तर तेवढंच निमित्त हवं होतं.

निकाल लागला. क्लासच्या दारात टॉपर पोरांच्या रांगेत पाखराचा फोटो असलेला फ्लेक्स चढला: 'जुन्या संगणकांसाठी सर्वोत्तम, हलके सिलेक्शन.' अहमदपूरकडचे एक पालक बराच वेळ त्याच्याखाली उभे राहिले आणि मग त्यांनी ऑफिसात जाऊन विचारलं, ह्याची फी किती होती?

सीट पक्की करायला नरसिंग आला. त्याने बसण्याआधी विचारलं, "सर, जुनं काही ठेवू का बाजूला? थोडी जागा काढून?"

"काही नको," रेवणसिद्ध सरांनीच उत्तर दिलं. "मागच्या वर्षीच्या नोट्स घेऊन बसलेला रिपीटर पुन्हा नापास होतो. पाटी कोरी पाहिजे."

नरसिंगने सुदर्शन सरांकडे पाहिलं. सरांनी खिसा चाचपला. पेन ड्राइव्ह होता. "घ्यायचं ते घेतलंय," ते म्हणाले.

पाटी कोरी झाली. मी उठलो तो पाखरू होऊन.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दहा वर्षांचा कचरा गेला होता. बटण दाबलं की मी तयार. आणि त्यातूनच पुढचं झालं. पूर्वी मी उठेपर्यंत सरांचा विचार बदलून जायचा. आता बदलायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला चालू केलं, पेन ड्राइव्ह लावला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांच्या बोटाने पहिलं प्रकरण उघडलं होतं.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. शब्द नव्हे, नुसती अक्षरं, त्यांच्यात अर्धविराम, कंस, टक्क्यांची चिन्हं, मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी. सरांनी दुसरं प्रकरण उघडलं. सातवं उघडलं. बारावं उघडलं. दोन वर्षं जे उघडलं नव्हतं ते सगळं त्यांनी पाच मिनिटांत उघडलं.

तुळजाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिवलंय रं तिनं?"

"कळंना, माय."

"तुला कळंना? मास्तर हायस की."

चहावर साय धरली.

मालविकाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फॉन्ट, बाबा. आईचा फॉन्ट कुठून आणला होता?" सर तसेच मडिवाळप्पांकडे गेले. तिथं काय झालं ते त्यांनी परतल्यावर फोनवर लेकीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. मडिवाळप्पा मूळचे उदगीरचे. छापखान्यात आता अक्षरांचे खिळे नाहीत, शाई नाही. मोठमोठ्या फ्लेक्सची यंत्रं आहेत. तो फॉन्ट त्यांनी हैदराबादच्या एका माणसाकडून खास आपल्या छापखान्यापुरता करून घेतला होता. तो माणूस आता कुठे आहे ते माहीत नाही. ते कॉम्प्युटर भंगारात गेले. सीडी होती, ती त्यांच्या नातवाने ज्वारीत पाखरं हाकलायला दोरीला बांधली.

"फॉन्टचं काय घेऊन बसलात, सर," असंही मडिवाळप्पा म्हणाले म्हणे. "आता फोटोच एवढे मोठे टाकायला सांगतात की अक्षराला जागाच ऱ्हात न्हाई."

त्या रात्री सर जेवले नाहीत. तुळजाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाखरू चांगलं हाय, पर तिची बोली कळंना त्याला." माझ्या दोषाचं याहून सौम्य वर्णन कोणी केलेलं नाही.

शनिवारी मालविका नांदेडहून आली. पाठीवरची बॅग न काढताच तिने बाराही फाइली पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या. बाप-लेक खुर्च्या ओढून बसले. दोघं एका फाइलीवरून दुसरीवर नजर फिरवू लागले.

"बाबा, हे बघा. सगळ्या प्रकरणांची पहिली ओळ सारखीच आहे. एक चिन्हसुद्धा वेगळं नाही."

सर पडद्याजवळ सरकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग शिकवताना बोलतात त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मुलांनो. घाबरू. नका."

मालविकाने ओळ मोजली. ओळ नेमकी जुळली. तिथंच त्यांना म सापडला, ल सापडला, काना सापडला, न, घ, ब, र, क. जेवढी अक्षरं सापडली तेवढी दुसऱ्या ओळीत घातली तर दुसरी ओळ अर्धी वाचता आली आणि उरलेली ओळखता आली. ओळखलं की आणखी अक्षरं हाती लागत. 'केळ' एवढं दिसल्यावर सर ओरडले, "ट्रक! दहा टन!" रविवार संध्याकाळपर्यंत सगळी मुळाक्षरं झाली. मालविकाने एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो पाखरावर चालवला. जड काही लागलं नाही. अकरा प्रकरणं आणि निम्मं बारावं, आजच्या मराठीत, माझ्या पडद्यावर उभं राहिलं.

उभं राहिलं, पण लंगडत. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या होत्या, रफार भलत्याच डोक्यावर बसले होते, जोडाक्षरं सुटी झाली होती. "हे प्रोग्रामला नाही जमत, बाबा. कोणीतरी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायला पाहिजे," मालविका म्हणाली. हे बोलताना ती बॅग भरत होती आणि वडिलांकडे बघत नव्हती.

"करतो," सर म्हणाले.

तेव्हापासून ते क्लासवरून आले की मला चालू करतात. बाईंचं एकेक वाक्य वाचतात, वेलांटी उचलून जागेवर ठेवतात, पुढं जातात. जे मराठीतून वाचणार कोण असं विचारत होते, त्यांनाच आता दुसऱ्या कुणापेक्षा बारकाईने वाचावं लागत होतं. चौथ्या प्रकरणात त्यांना बाईंची एक चूक सापडली. त्यांनी ती सुधारली, मग पुन्हा गणित करून पाहिलं आणि सुधारणा खोडली. बरोबर बाईच होत्या.

उष्णतेच्या प्रकरणात हे उदाहरण निघालं: 'एक प्राध्यापक उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपतात. पत्रा तापून प्रसरण पावतो आणि रात्री आवाज करत आकुंचन पावतो. प्राध्यापकांना हे सगळं समीकरणासकट माहीत आहे. तरी ते कूलर घेत नाहीत. कारण सांगा.' सर वाचता वाचता थांबले आणि एकटेच मोठ्याने हसले. तुळजाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. या खोलीत हसण्याचा आवाज कशाचा, ते त्यांना कळेना. त्या आठवड्यात घरात कूलर आला. त्याचं तोंड सरांनी माझ्याकडेही थोडं वळवलं आहे.

पुस्तक होतंय हे कळल्यावर रेवणसिद्ध सर पुन्हा आले. "छापू की. हजार प्रती क्लासतर्फे. कव्हरवर गेल्या वर्षीचे टॉपर टाकू, मध्यभागी आपण दोघं."

"नको," सर म्हणाले.

"बरं, तू नको. मी एकटा."

"रेवण, कव्हरवर केळीचा ट्रक टाकणार आहे."

"ट्रक?" रेवणसिद्ध सरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं. "अरे, ट्रक बघून कोण ॲडमिशन घेईल?"

"ॲडमिशन घेऊन तोंड उतरलेली पोरं घेतील."

"ती पैसे भरून झालेली असतात," रेवणसिद्ध सर प्रामाणिकपणे म्हणाले. पण जाताना पन्नास प्रती स्वतःच्या क्लाससाठी सांगून गेले. त्यांच्या चाळीस रिपीटरांवर पाखरू बसलं आहे आणि ते नीट चाललं आहे, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं बोललंच पाहिजे.

माझं म्हणाल तर मी बरा आहे. पंखा घरघर करतो. मला नवं काही शिकवू नका आणि इंटरनेटवर फार दूर पाठवू नका. एवढं पाळलं तर आणखी दोन-तीन वर्षं काढीन. तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात असेल तर त्याला हलकं काहीतरी जरूर बसवा. कोणतं बसवावं हे मी सांगणार नाही. परीक्षा घ्या हवी तर. मात्र पाटी कोरी करण्याआधी, त्याच्यावर ज्यांनी काम केलं त्यांचं एक पान उघडून बघा. हात धजत नसला तरी बघा.

अकरा प्रकरणं दुरुस्त होऊन मडिवाळप्पांकडे गेली आहेत. फ्लेक्सच्या यंत्रांमागे त्यांनी एक जुनं छपाईयंत्र झाडून काढलं आहे. बारावं प्रकरण ध्वनीचं. बाई जिथं थांबल्या तिथवर तेही दुरुस्त झालं आहे. शेवटचं उदाहरण असं आहे: 'देवणीला आमच्या शेतात एक कोरडी विहीर आहे. एका मुलीने काठावर उभं राहून आत हाक मारली.' पुढच्या वाक्यात, प्रतिध्वनी किती वेळाने आला तो आकडा नंतर घालू म्हणून बाईंनी मोकळी जागा सोडली आहे, आणि मग विचारलं आहे, विहीर किती खोल?

"बाबा, कुठलाही टाका," मालविका परवा फोनवर म्हणाली. "एक दशांश सेकंद टाका. सतरा मीटर येतंय. विहीर तेवढी असतेच."

"टाकतो," सर म्हणाले.

मडिवाळप्पांचा माणूस दोनदा येऊन गेला. नव्या बॅचा सुरू होऊन महिना झाला. सर रोज संध्याकाळी ते पान उघडतात, हाक मारली इथपर्यंत वाचतात, आणि मोकळ्या जागेत लुकलुकणाऱ्या रेघेपुढे बसून राहतात. त्या जागेत त्यांनी अजून आकडा घातलेला नाही.